न घेतलेले तीर्थ

आईच्या प्रवासी पिशवीत तांब्याची एक लोटी कायम असते. चार बोटे उंचीची, फिरकीचे झाकण असलेली ही लोटी काशीला गेली आहे, रामेश्वरला गेली आहे, नर्मदेच्या काठाने बसमधून झालेल्या परिक्रमेत पंधरवडाभर हिंडली आहे, आणि त्या त्या ठिकाणचे पाणी वाईच्या आमच्या देवघरात पोहोचवून पुन्हा रिकामी झाली आहे. आई माझ्याकडे मेलबर्नला आली होती त्या जुलैत आम्ही दोघींनी ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरचा उलुरू हा खडक पाहायला जायचे ठरवले, आणि बोलता बोलता मी तिला सांगून बसले की त्या खडकाच्या पायथ्याशी पाण्याची एक जागा आहे व तिथले मूळ रहिवासी ती पवित्र मानतात. ‘पवित्र पाणी’ हे दोन शब्द आईच्या कानांवर पडल्यावर त्यांचे पुढे काय होते, हे मला पन्नाशीला आल्यावर तरी ठाऊक असायला हवे होते. लोटी विमानात तिच्या मांडीवरच्या पिशवीत होती.

उलुरू अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या गावापासून रस्त्याने सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे, आणि मधल्या वाटेवर वस्ती जवळजवळ नाही. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरच्या वाळूच्या लाटा येतात. इथली जमीन कुंकवात विटकर कालवावी तशी लाल आहे, पण उघडीबोडकी नाही. तिच्यावर स्पिनिफेक्स नावाच्या टोकदार गवताचे गोल गोल गड्डे पसरलेले असतात, आणि मधूनमधून डेझर्ट ओकची झाडे केस मोकळे सोडलेल्या बायकांसारखी उभी असतात. वर्षाचा पाऊस सरासरी तीनशे मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या महाबळेश्वरला भर पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत कोसळावा एवढाच, आणि तोही कधी यावा याला काही धरबंध नाही. अशा मुलखात कायम टिकणारे पाणी ही किती मोठी गोष्ट असेल, याचा अंदाज कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या बाईला मुद्दाम करून द्यावा लागतो.

त्या पाण्याचे नाव मुटिचुलू. खडकाच्या दक्षिणेकडच्या वाहनतळापासून तिथपर्यंत जाणारी वाट ‘कुनिया वॉक’ म्हणून ओळखली जाते, आणि जाऊन येऊन ती एक किलोमीटरच भरते. उलुरूला पूर्ण वळसा घालणारी वाट १०.६ किलोमीटरची आहे. आईच्या गुडघ्यांकडे पाहून तो विचार आम्ही सोडून दिला होता. ही वाट सपाट, चाकाच्या खुर्चीलाही चालावी अशी. सकाळी पाच अंशांच्या खाली उतरलेले तापमान नुकते चढू लागले होते, आणि आई नऊवारीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, डोक्याला कानटोपी आणि पायांत माझे जुने कॅनव्हासचे बूट अशा वेषात, सज्जनगड चढताना चालते त्याच गांभीर्याने चालत होती.

छायाचित्रांत उलुरू एकसंध, गुळगुळीत, एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखा दिसतो. जवळ गेल्यावर तो तसा राहत नाही. त्याला कपारी आहेत, पोकळ्या आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे आहेत, आणि वरपासून खालपर्यंत उतरलेले काळे पट्टे आहेत. ‘नदी नाही, ओढा नाही, मग पाणी येतं कुठून?’ हा आईचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्या काळ्या पट्ट्यांत होते. जमिनीपासून ३४८ मीटर उंच आणि ९.४ किलोमीटर घेराचा हा खडक म्हणजे एक प्रचंड छप्पर आहे. सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचे थर पुढे दगड झाले, मग भूकवचाच्या हालचालींत कलत कलत जवळजवळ उभे राहिले, आणि त्या उभ्या थरांच्या कडांवर पावसाने पन्हळी कोरल्या. पाऊस आला की या पन्हळींतून धबधबे सुटतात, आणि जिथून पाणी नेहमी उतरते तिथे शेवाळ व दगडफूल वाढून दगड काळा पडतो. खाली, भिंतींच्या सावलीत, सूर्य जिथे फार वेळ पोहोचत नाही अशा कोनाड्यात हे पागोळ्यांचे पाणी साचते आणि बाहेरचा प्रदेश करपून गेला तरी बराच काळ टिकते. या छपरावर जे पडेल ते खाली पाण्यात उतरणार, हे इतके उघड असूनही ते बाहेरून आलेल्यांच्या ध्यानात यायला बरीच दशके लागली. खडकावर चढण्यासाठी १९६४ साली साखळी बसवण्यात आली, आणि पुढे दर वर्षी हजारो माणसे माथ्यावर जात राहिली. माथ्यावर शौचालय नव्हते. तिथे जे व्हायचे ते होत असे, आणि पुढच्या पावसात ते पायथ्याच्या पाण्यांत येत असे. अनंगू लोक, म्हणजे या भूमीचे परंपरागत धनी, आपल्या बोलीत या रांगेने चढणाऱ्या माणसांना ‘मिंगा’, म्हणजे मुंग्या, म्हणत. त्यांनी चढू नका अशी विनंती वर्षानुवर्षे केली. चढण्याची वाट कायमची बंद झाली ती २६ ऑक्टोबर २०१९ रोजी. लाखो बुटांनी घासून निघालेली फिकट रेघ दगडावर अजून दिसते.

वाटेवर ठिकठिकाणी पाट्या आहेत आणि त्यांवर कुनियाची कथा तुकड्यातुकड्याने सांगितलेली आहे. मी वाचून मराठीत सांगायचे आणि आईने हुंकार द्यायचा, असा आमचा क्रम लागला. कुनिया ही अजगर-स्त्री. ती पूर्वेकडून फार लांबून आपली अंडी घेऊन इथे आली. तिच्या भाच्याचा लिरू लोकांशी, म्हणजे विषारी सापांच्या टोळीशी, तंटा झाला आणि त्यांनी त्याला भाल्यांनी मारले. ही बातमी ऐकून कुनिया मुटिचुलूपाशी आली, तेव्हा तिथे असलेल्या लिरू योद्ध्याने तिच्या दुःखाची टिंगल केली. संतापलेल्या कुनियाने आधी मूठभर वाळू उचलून जमिनीवर सोडली, आपल्या रागातली शक्ती भलत्याच कुणाला बाधू नये म्हणून, आणि मग कंदमुळे उकरायच्या आपल्या काठीने, जिला ‘वाना’ म्हणतात, त्याच्या डोक्यावर घाव घातला. पहिल्या घावाने तो मेला नाही, दुसऱ्याने मेला. त्या दोन घावांच्या खुणा समोरच्या कातळावर दोन उभ्या चिरांच्या रूपाने आहेत, आणि वरून नागमोडी उतरलेली काळी रेघ म्हणजे ती स्वतः. पुढे कुनिया आणि तिचा भाचा मिळून वानाम्पी, म्हणजे जलसर्प, झाले आणि या पाण्याची राखण करू लागले.

‘ही त्याची आत्या की मावशी?’ आईने विचारले.

मी पाटी पुन्हा वाचली. इंग्रजीत एकच शब्द होता, आणि तो आत्यालाही चालतो, मावशीलाही चालतो, काकूला, मामीला आणि शेजारणीलाही चालतो. भाचा म्हटल्याने मराठीतही उलगडा होत नाही, कारण आत्यालाही तो भाचाच असतो. पण आईला नाते नेमके कळल्याशिवाय गोष्ट पुढे नेता येईना, आणि मला ते तिचे म्हणणे पटले; कुणाच्या मरणाचा राग कुणाला किती यावा हे नात्यावर अवलंबून असते. अनंगू लोकांच्या पिचन्चाचारा भाषेत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, आणि वडिलांच्या बहिणीला ‘कुर्न्टिली’ असा वेगळा शब्द आहे, हे मी घरी परतल्यावर वाचले. म्हणजे ती मावशी असती तर भाच्याला मुलगाच म्हटली असती, असा तर्क करून मी माझ्यापुरते तिला आत्या ठरवून टाकले. हा माझा तर्क आहे, पाटीवरचे वाक्य नव्हे. इंग्रजीतून येता येता या कथेचा एक कोपरा घासला गेला आणि तो आम्हा दोन मराठी बायकांना बोटाला लागला, एवढेच मला सांगायचे आहे.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: ‘आणि तिच्या अंड्यांचं काय झालं?’

अंडी तिने खडकाच्या पूर्वेच्या टोकाला ठेवली, आणि त्या जागेला कुनिया पिटी म्हणतात. तिथे फोटो काढू नयेत असे उद्यानाच्या फलकांवर लिहिलेले आहे. कारण असे दिले आहे की त्या ठिकाणच्या दगडातल्या खुणा म्हणजे या लोकांचा धर्मग्रंथच आहे, आणि तो जिथे आहे तिथेच, योग्य माणसांनीच वाचायचा असतो. काही जागा बायकांच्या, काही पुरुषांच्या, आणि त्यांची चित्रे दुसरीकडे गेली तर ज्यांनी पाहू नये त्यांच्या नजरेला ती पडतील. कथेचेही तसेच आहे. पाट्यांवर येते ते आलेल्या पाहुण्याला सांगण्याजोगे. लहान मुलांनाही सांगितले जाते तेवढे. त्याच्या मागचा भाग वयाप्रमाणे, अधिकाराप्रमाणे, गाण्यांतून आणि नाचांतून उलगडत जातो. ‘चुकुर्पा’ या त्यांच्या शब्दाचे इंग्रजीत स्वप्नकाळ वगैरे जे भाषांतर होत आले ते मला दिशाभूल करणारे वाटते. तो कायदा आहे, सृष्टीची उत्पत्ती आहे, नातेसंबंधांची घडी आहे, आणि कुठल्या ऋतूत कुठे काय खायला मिळते याचा हिशेबही आहे. आपल्याकडे कहाणी ‘साठा उत्तरांची पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ होते, आणि ती ऐकणाऱ्यालाही फळ मिळते. इथे मला अर्धीच गोष्ट मिळाली होती, आणि उरलेली अर्धी मला मिळणार नव्हती. सगळे माहीत करून घेण्याचा आपल्याला जन्मसिद्ध अधिकार आहे असे समजणाऱ्या, प्रत्येक देवळाचा इतिहास गूगलून पाहणाऱ्या माझ्यासारखीला हे आधी थोडे लागले. आईला मुळीच लागले नाही. तिच्या मते सगळे सांगणाऱ्या माणसाला काही ठाऊक नसते.

पाण्याच्या थोडे अलीकडे, वाटेला लागूनच, लाटेसारखी वाकलेली एक गुहा आहे, कुल्पी मुटिचुलू. इथे अनंगू कुटुंबे मुक्कामाला असत; छत चुलीच्या धुराने काळे झाले आहे. भिंतींवर गेरू, पिवळी माती, राख आणि कोळसा पाण्यात कालवून काढलेली चित्रे आहेत, एकावर एक, पुसट, वर्तुळांत वर्तुळे. पूर्वी पर्यटकांना घेऊन येणारे वाटाडे रंग फोटोत ठळक उठावेत म्हणून या चित्रांवर पाणी मारत असत, आणि त्याने चित्रे कायमची फिकी झाली. पाण्याच्या रक्षणाची कथा ज्या जागी आहे तिथलेच पाणी असे वापरले जावे, ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती भिंतीपासून दोन पावले मागे सरकली.

आणि मग पाणी आले. ‘आले’ म्हणायचे एवढ्यासाठी की ते दिसण्याच्या आधी हवा बदलते. उघड्या लाल प्रदेशातून चालत आलेल्या माणसाला एकाएकी ओल्या मातीचा वास येतो, पांढऱ्या खोडांचे उंच रेड गम दिसतात, आणि झेब्रा फिंच नावाच्या चिमुकल्या पाखरांचा किलबिलाट ऐकू येतो. ही पाखरे पाण्यापासून फार लांब राहत नाहीत. तीन बाजूंनी कातळाच्या भिंती चढत गेलेल्या, आणि त्यांच्या तळाशी, लाकडी फळ्यांच्या सज्जापलीकडे, एक काळसर हिरवे डबके. खरे सांगायचे तर आकाराने ते आमच्या वाईच्या कुठल्याही घाटापुढे लाजावे असे होते. पृष्ठभागावर वाळकी पाने तरंगत होती. वरच्या काळ्या पट्ट्याचे प्रतिबिंब पाण्यात शिरून थेट आमच्या पायांपर्यंत आले होते, त्यामुळे दगडावरून उतरणारी कुनिया पाण्यातही उतरलेली दिसत होती, आणि ती कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते कळत नव्हते. तिथे आमच्याखेरीज एक वृद्ध जर्मन जोडपे होते. तेही बाकावर गप्प बसले होते. आवाज करू नये असे कुणी सांगितले नव्हते, पण त्या भिंती आवाज परत देतात, आणि आपलाच आवाज ऐकून माणूस ओशाळतो.

आईने पिशवीत हात घातला. मी घाईघाईने नियम सांगू लागले: पाण्यात उतरायचे नसते, ते जनावरांचे आणि त्या लोकांचे पिण्याचे पाणी आहे, वगैरे. तिने मला हाताने थांबवले. लोटी बाहेर आली, तिने ती दोन्ही हातांत धरली, आणि बराच वेळ ती पाण्याकडे पाहत राहिली. मग ती जे बोलली ते मी जवळजवळ तिच्या शब्दांत लिहिते. तिच्या माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत आसरा होत्या, साती आसरा. भर दुपारी बारा वाजता तिची आजी कुणाला विहिरीवर जाऊ देत नसे, आणि गेलेच पाहिजे तर आधी काठावरून आवाज द्यायचा, मग पोहरा सोडायचा. ‘आवाज दिल्यावर त्या काय उत्तर द्यायच्या थोड्याच? पण आपण विचारलंय हे त्यांना कळायला पाहिजे. इथे मी कुठल्या भाषेत विचारू?’

आपल्याकडे पाण्याचे पावित्र्य अंगाला लावून घ्यायचे असते. रामकुंडात बुडी मारायची, ओंजळीने अर्घ्य द्यायचे, तळहातावर तीर्थ घेऊन उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवायचा, आणि घरी न आलेल्यांसाठी लोटी भरून न्यायची. पाण्याला हात लावला नाही तर यात्रा झाली कशी? याच सवयीने मी स्वतः, धार्मिक नसतानाही, इथे येऊन निदान एक बोट बुडवावे असे मनात धरले होते. या जागेचे पावित्र्य हात न लावण्यात आहे हे मला पाटी वाचून कळले, आणि आईला तिच्या आजीच्या विहिरीवरून. दोन्ही पाण्यांचा तसा काही संबंध नाही, आणि आसरा व वानाम्पी एकच असे म्हणण्याचा भाबडेपणा मला करायचा नाही. तिथे कोणीतरी राहते एवढे ओळखायला मात्र ती विहीर तिला पुरली. लोटी परत पिशवीत गेली. तिने नमस्कार केला की नाही ते मी पाहिले नाही, कारण त्या वेळी मी मुद्दाम झाडांकडे पाहत होते.

‘विचारायचे कुणाला’ हा आईचा प्रश्न मात्र माझ्या मागे लागला, आणि तो फक्त सर्पदेवतेविषयी उरला नाही. या पाण्याचेच नाव लावणारी मुटिचुलू ही अनंगूंची वस्ती खडकाच्या पूर्वेला अगदी जवळ आहे, पण परवान्याशिवाय तिथे बाहेरच्यांनी जायचे नसते, आणि ते योग्यच आहे. आम्ही त्यांच्या घरी येऊन, त्यांच्या गोष्टी वाचून, त्यांच्या पाण्यापाशी बसून परतलो, आणि त्या सकाळी एकाही अनंगू माणसाशी आमचे बोलणे झाले नाही. कायद्याने ही जमीन २६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्यांना परत मिळाली, आणि त्याच दिवशी ती राष्ट्रीय उद्यान म्हणून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला देण्यात आली. कारभार आता दोघे मिळून पाहतात, आणि मंडळात अनंगू सदस्यांचे बहुमत आहे. कूळ कोण आणि मालक कोण याचा कायदा ज्या प्रांतात घरोघरी चर्चिला गेला तिथून आलेल्या मला ही व्यवस्था चटकन समजली आणि पूर्ण पचली नाही.

त्या शांत पाण्याविषयीची आणखी एक गोष्ट मला मेलबर्नला परतल्यावर कळली. १९३४ साली एका पोलिसाने पळून आलेल्या एका अनंगू कैद्याचा पाठलाग करत त्याला याच मुटिचुलूपाशी, गुहेत लपलेला असताना, गोळी घातली. पुढच्या वर्षी सरकारी चौकशी समिती खडकापर्यंत आली. कायद्याच्या दृष्टीने गोळीबार समर्थनीय, पण नैतिकदृष्ट्या नव्हे, असा निष्कर्ष तिने काढला. मृताचे अवशेष उकरून अ‍ॅडलेडला नेण्यात आले आणि कवटी कित्येक दशके तिथल्या संग्रहालयात पडून राहिली. त्या माणसाचे नाव पुस्तकांत आहे. मी ते इथे लिहीत नाही, कारण त्या लोकांत मेलेल्याचे नाव उच्चारायचे नसते. त्या नावाचा दुसरा कुणी हयात असेल तर त्यालाही लोक ‘कुन्मनारा’ म्हणू लागतात. भाच्याला मारल्याचा संताप जिथे दगडात कोरलेला आहे, तिथेच हे घडले. हे आधी माहीत असते तर मी त्या बाकावर तशी निवांत बसू शकले असते का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. आईला ही गोष्ट मी फोनवर सांगितली. तिने एवढेच विचारले, ‘त्याला कोण होतं मागे?’

परतताना आम्ही सांस्कृतिक केंद्रात थांबलो. मातीच्या विटांच्या या वळणदार इमारती कुनिया आणि लिरू यांच्या रूपाने समोरासमोर उभ्या आहेत. आठवण म्हणून इथले दगड, इथली वाळू खिशात घालून नेणारे प्रवासी पुढे पस्तावतात, आणि जगभरातून टपालाने ते दगड क्षमेच्या पत्रासकट उद्यानाकडे परत पाठवतात, ही हकिगत मी तिथे आईला सांगितली. तिचा चेहरा गंभीर झाला. वाहनतळावर आल्यावर ती गाडीच्या पायरीवर बसली, बूट काढले, तळ एकमेकांवर आपटून आतली सगळी लाल वाळू जिथल्या तिथे पाडली, नऊवारीचा काठ झटकला, आणि लोटीचे झाकण उघडून तिच्यात काही गेले नाही ना हेही पाहून घेतले.

मोजे मात्र राहिले. पांढऱ्या सुती मोज्यांचे तळवे केशरी झाले होते. मेलबर्नला मी ते तीन वेळा धुतले, एकदा गरम पाण्यात भिजवूनही ठेवले, आणि रंग जाईना. दोरीवर वाळत टाकलेल्या त्या मोज्यांकडे पाहत आई म्हणाली की आता हे पोस्टाने पाठवायचे तर पत्ता काय घालतात ते विचारून ठेव.